कॉफीच्या टेबलावरची कचेरी : जागा निवडताना काय पाहावे?

घरात बसून दुसऱ्याचे काम करून देणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. जरीकाम, शिलाई, विडीकाम अशा कितीतरी धंद्यांत आपल्या माता-भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले आहे. व्यापाऱ्याने कच्चा माल द्यायचा, घरी काम व्हायचे आणि नग मोजून परत जायचे. आज त्याच घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी लॅपटॉपवर पुण्याच्या, बेंगळुरूच्या किंवा दुबईच्या कंपनीचे काम करते. कोणी हिशेब लिहिते, कोणी कापडाची डिझाइन काढते, कोणी ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कंपन्यांनी माणसे घरी पाठवली, तेव्हापासून ही पद्धत रुळली. अनेक कंपन्यांनी पुढे माणसे परत बोलावली, तरी अनेकांचे काम अजून घरूनच चालते.

अडचण एकच आहे. घरी काम करायला घरात जागा हवी. आपल्या बहुतेक वस्त्यांत तीच नाही. म्हणून ही मुले सकाळी पिशवीत लॅपटॉप घालून एखाद्या कॉफी शॉपमध्ये जाऊन बसतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते पटत नाही. 'हॉटेलात बसून कोणाचे भले झाले?' असा त्यांचा सवाल असतो. सवाल चुकीचा नाही. हॉटेलात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जाऊ शकतात. पण नीट निवडलेली जागा रोजी टिकवूही शकते. म्हणून या विषयाकडे चैन म्हणून न पाहता धंद्याच्या नजरेने पाहावे, असे आम्हाला वाटते.

घर असताना बाहेर का?

मालेगाव किंवा भिवंडीत माग आणि घर यांच्यात कित्येकदा एका भिंतीचेच अंतर असते. घरच्यांच्या कानाला मागाचा खडखडाट सवयीचा झालेला असतो. पण फोनवर पलीकडे बसलेल्या साहेबाला दुसरे काही ऐकूच येत नाही. मुंबईत डोंगरी, कुर्ला, धारावी अशा भागांत एका खोलीत तीन पिढ्या राहतात. तिथे आजारी माणूस झोपलेला असतो, लहान मुले खेळत असतात, स्वयंपाक चालू असतो. अशा घरात मुलाने सात-आठ तास 'कोणी बोलू नका' म्हणून बसणे घरच्यांवरही अन्यायाचे आहे.

कंपनीला आपल्या घराची अडचण कळत नाही. तिला एवढेच दिसते की याचा आवाज नीट येत नाही, मीटिंगमध्ये नेट तुटते, काम उशिरा येते. दोन-चार वेळा असे झाले की नोकरीवर गदा येते. ज्या घरात महिन्याला ठरलेला पगार आणणारी ही पहिलीच व्यक्ती आहे, त्या घरासाठी हा लहान प्रश्न नाही.

कॉफीखाना मुळात आपल्याच बाजाराचा

कॉफी शॉप ही पाश्चात्त्यांची टूम आहे असे अनेकांना वाटते. इतिहास वेगळे सांगतो. कॉफी पिण्याची चाल पंधराव्या शतकात येमेनच्या सूफींमध्ये पडली. रात्रीच्या इबादतीत जागे राहण्यासाठी ते कॉफी घेत. येमेनच्या मोखा बंदरातून ती जगभर गेली आणि त्या बंदराचे नाव आजही 'मोका' या पेयाच्या रूपाने शिल्लक आहे. १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने कॉफीवर बंदी घातली होती, पण ती टिकली नाही. १५५० च्या दशकात हलब आणि दमिश्क येथून आलेल्या दोघांनी इस्तंबूलमध्ये कहवाखाने उघडले, असे उस्मानी इतिहासकार नोंदवतात. भारतात कॉफीचे बी हजहून परतताना बाबा बुडन यांनी आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावले, अशी परंपरा आहे. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे.

धंद्याच्या दृष्टीने पुढचा भाग महत्त्वाचा आहे. उस्मानी मुलखातून ही चाल इंग्लंडला गेली आणि लंडनमध्ये १६५२ मध्ये पहिला कॉफीखाना निघाला. एडवर्ड लॉइड याच्या कॉफीखान्यात जहाजमालक आणि व्यापारी जमत, जहाजांच्या बातम्या घेत आणि तिथेच विम्याचे सौदे करीत. आज जगभर प्रसिद्ध असलेला लॉइड्सचा विमा बाजार त्यातूनच उभा राहिला. जोनाथन्स नावाच्या कॉफीखान्यात १६९८ पासून शेअरचे व मालाचे भाव लिहिलेला कागद निघू लागला. लंडनच्या शेअर बाजाराची मुळे तिथे आहेत. आपल्या देशातही कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान १९९६ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर निघाले, तेव्हा कॉफीबरोबर इंटरनेट हेच त्याचे आकर्षण होते. तात्पर्य, कॉफीच्या टेबलावर काम करणे हे बिघडल्याचे लक्षण नाही. टेबलावर काय होते यावर सारे अवलंबून आहे.

आधी हिशेब, मग कॉफी

जागा आवडली म्हणून बसू नये, परवडते म्हणून बसावे. एक साधा हिशेब करून पाहू. समजा, मोठ्या कंपनीच्या कॉफी शॉपमध्ये दिवसाला एक कॉफी २०० रुपयांची आणि एक खाण्याचा जिन्नस १०० रुपयांचा घेतला. त्यावर ५ टक्के जीएसटी धरून ३१५ रुपये झाले. रिक्षा-बसचे ६० रुपये मिळवले की ३७५. महिन्याचे २२ दिवस असे केले तर ८,२५० रुपये होतात. पगार ३०,००० असेल तर चौथ्या हिश्शाहून जास्त रक्कम टेबलाच्या भाड्यात गेली. एवढ्या पैशात अनेक शहरांत भाड्याची सामायिक कचेरी, म्हणजे को-वर्किंगची एक खुर्ची, महिन्यासाठी मिळू शकते. तिचा दर आपल्या शहरात आधी विचारून घ्यावा.

म्हणून आमचा सल्ला असा की सगळे दिवस बाहेर काढू नयेत. आठवड्याच्या कामाचे दोन भाग करावेत. ज्या दिवशी मीटिंग, ग्राहकाशी बोलणे किंवा वेळेवर द्यायचे काम असेल, ते दोन दिवस बाहेर. बाकीचे काम घरी, पहाटे फज्रनंतर किंवा घर शांत असेल त्या वेळी. महिन्याला नऊ दिवस बाहेर बसल्यास वरच्याच हिशेबाने ३,३७५ रुपये होतात. हा खर्च सोसता येतो आणि कामही राहते.

बिलाबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावला असेल तर तो देणे सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. शांतपणे तो काढायला सांगावे. ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटी मात्र सरकारी कर आहे, त्यावर वाद घालू नये.

दुसरी गोष्ट व्यापाऱ्यांसाठी. 'धंद्याच्या मीटिंगचे बिल आहे, इनपुट क्रेडिट मिळेल' असे काहींना वाटते. खाण्यापिण्याच्या अशा बिलांवर जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. त्या आशेवर महागडी जागा निवडू नये.

टेबल, वीज आणि नेट

नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी महत्त्वाचे काम घेऊन जाऊ नये. आधी एखाद्या मोकळ्या दिवशी तासभर बसून जागा पारखावी. कापड घेताना आपण ताणून, उजेडात धरून पाहतो. इथेही तसेच करावे.

टेबलाची उंची पाहा. सोफा आणि बुटके टेबल गप्पांसाठी असते. त्यावर चार तास टाइप केले तर मान आणि पाठ धरते. खुर्चीला पाठ हवी आणि टेबलावर कोपर टेकता आले पाहिजे. काउंटरजवळ बसू नका. तिथे कॉफी दळण्याच्या मशिनचा आवाज, ऑर्डरचा पुकारा आणि ये-जा चालू असते. दारासमोर रस्त्याचा आवाज येतो. भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात बसले की आवाजही कमी आणि मागून पडद्यावर कोणाची नजर पडत नाही.

विजेचा प्लग जवळ आहे का आणि तो चालतो का, हे चार्जर लावूनच पाहावे. पुष्कळ ठिकाणी प्लग दिसतात पण आत वीज नसते. वीज गेल्यावर दिव्याबरोबर नेटही चालू राहते का, म्हणजे राउटर इन्व्हर्टरवर आहे का, हे विचारावे.

नेटचा वेग मोजताना नुसता 'डाउनलोड' पाहू नये. आपला आवाज आणि चित्र पलीकडे जाण्यासाठी 'अपलोड'चा वेग लागतो. दोन्ही बाजूंनी तीन-चार एमबीपीएस स्थिर मिळत असेल तर साधी व्हिडिओ मीटिंग निभते. सकाळी रिकाम्या दुकानात मोजलेला वेग दुपारच्या गर्दीत टिकत नाही, म्हणून ज्या वेळी काम करायचे त्याच वेळी मोजावा. मोबाइलचे नेट नेहमी हाताशी ठेवावे, पण त्याचाही हिशेब असू द्यावा. तासभराच्या व्हिडिओ मीटिंगला सुमारे १ जीबी डेटा लागू शकतो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या पॅकवर दोन मीटिंगा होणार नाहीत. गरज नसेल तेव्हा चित्र बंद ठेवून आवाजावर काम चालवावे.

माइक असलेला चांगला हेडफोन ही या धंद्यातली कात्री आहे असे समजा. शिंप्याने कात्रीत कंजूषी करू नये, तशी इथेही करू नये.

दुसऱ्याचा माल, आपली अमानत

कारागिराकडे गिऱ्हाईक सोने किंवा रेशीम देऊन जाते, तेव्हा ती अमानत असते. लॅपटॉपमध्ये असलेला कंपनीचा हिशेब, ग्राहकांची नावे, नव्या मालाची डिझाइन हीसुद्धा अमानतच आहे. चारचौघांत बसून काम करणाऱ्याने हे कधी विसरू नये.

कॉफी शॉपमध्ये शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. एखाद्या व्यापाऱ्याचा भाव, थकबाकी, कोणाला किती माल गेला, या गोष्टी मोठ्याने बोलू नयेत. तसे बोलणे निघाले तर पाच मिनिटे बाहेर जाऊन बोलावे. पडद्यावर बाजूने दिसू न देणारी फिल्म मिळते, ती लावून घ्यावी.

सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे व्यवहार, यूपीआय आणि ओटीपीची कामे करू नयेत. त्यासाठी मोबाइलचे स्वतःचे नेट वापरावे. कंपनीने व्हीपीएन दिले असेल तर ते सुरू केल्याशिवाय काम उघडू नये. वाय-फायचे नाव मालकाला विचारूनच जोडावे, कारण दुकानासारखेच नाव ठेवून फसवे नेट चालवणारे असतात. जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद करावा आणि नमाजला जाताना लॅपटॉप बरोबर न्यावा. 'जरा लक्ष ठेवा' असे शेजाऱ्याला सांगून जाणे म्हणजे त्याच्या गळ्यात विनाकारण जबाबदारी घालणे आहे.

मालकाचा हक्क

हॉटेलच्या धंद्यात खुर्ची हाच माल असतो. एका खुर्चीवर दिवसात जितकी गिऱ्हाइके बसून उठतील तितका गल्ला भरतो. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांत जास्त वेळ न बसण्याच्या पाट्या लागत, त्या याच कारणाने. तेव्हा एका चहावर चार तास टेबल अडवून बसणे हे कायद्याने गुन्हा नसले तरी हक्कुल इबादच्या दृष्टीने बरे नाही. आपले पोट भरताना दुसऱ्याच्या पोटावर पाय येऊ नये.

यावर सोपा मार्ग आहे. पहिल्याच दिवशी मालकाला किंवा मॅनेजरला सांगावे की मी इथे काम करायला बसणार आहे, कोणत्या वेळी आलेले तुम्हाला सोयीचे पडेल? बहुतेक ठिकाणी सकाळचा नाश्ता संपल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत आणि जेवणानंतर संध्याकाळच्या चहापर्यंत टेबले रिकामी असतात. त्या वेळा घ्याव्यात. साधारण दीड-दोन तासांनी काहीतरी मागवावे. एकट्याने चौघांचे टेबल धरू नये. गर्दी वाढली तर न सांगता उठावे. टेबल पुसणाऱ्या पोराशी अदबीने बोलावे. असे वागणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक स्वतःहून कोपऱ्यातली जागा राखून ठेवतो.

नमाज, खाणे आणि रमजान

आपल्यासाठी जागेची आणखी एक परीक्षा आहे. जोहर आणि असरची नमाज कामाच्या तासांतच येते. चालत पाच-सात मिनिटांवर मशीद असेल अशी जागा निवडली तर नमाजही होते आणि पाठही मोकळी होते. जुम्म्याच्या दिवशी दुपारची वेळ आधीच मोकळी ठेवावी व कंपनीला तसे आधी कळवावे. आधी सांगितलेल्या गोष्टीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. ऐन वेळी गायब होणारा मात्र सर्वांच्या नजरेत येतो.

अनेक नव्या कॅफेंत बिअर आणि वाइनही मिळते. तिथे नेट कितीही चांगले असले तरी बसू नये. खाण्याबाबतही विचारून घ्यावे. मांसाचे सँडविच कुठले आहे, केकमध्ये रम आहे का, हे विचारण्यात लाज कसली? शंका असेल तर नुसत्या कॉफीवर भागवावे.

रमजानमध्ये कॉफी शॉपचा विचार सोडलेला बरा. रोजा असताना काही मागवता येत नाही आणि काही न मागवता दुसऱ्याची जागा अडवणे योग्य नाही. त्या महिन्यासाठी दुसरी सोय आधीच करून ठेवावी.

मुलींसाठी

शिकलेल्या मुलींना घरून काम करण्याची पद्धत वरदानासारखी वाटते. पण घरात जागा नसण्याचा त्रास त्यांनाच सर्वांत जास्त होतो. मुलगी घरात दिसली की ती मोकळी आहे असे सगळे धरून चालतात. पाहुणा आला, चहा कर. भावाचे मूल रडले, उचल. अशा स्थितीत तिची नोकरी फार दिवस टिकत नाही. मुलीच्या पगाराचा घराला आधार हवा असेल तर तिला बसायला जागा देणे ही घराचीच जबाबदारी आहे.

बाहेर जागा पाहताना अब्बांनी किंवा भावाने एकदा बरोबर जाऊन पाहावे. दुकान वाहत्या रस्त्यावर आहे का, संध्याकाळी उजेड असतो का, स्वच्छ आणि वेगळे बाथरूम आहे का, काम करणाऱ्यांत बायका आहेत का, रिक्षा किंवा बस दारातून मिळते का, एवढे पाहिले म्हणजे पुरे. आपल्या बऱ्याच हॉटेलांत माळ्यावर किंवा आतल्या बाजूला 'फॅमिली रूम' असते आणि जेवणाच्या वेळा सोडल्या तर ती रिकामीच असते. दोन-तीन मुलींनी मिळून मालकाशी बोलून ती सकाळच्या वेळी ठरवून घेतली तर सर्वांचीच सोय होते.

कागदपत्रांच्या बाबतीत

स्वतंत्रपणे कामे घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. कॉफी शॉप ही बसायची जागा आहे, धंद्याचा पत्ता नव्हे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी करावी लागते. तेव्हा धंद्याच्या मुख्य जागेचा पुरावा लागतो, म्हणजे वीजबिल, भाडेकरार किंवा मालकाचे संमतिपत्र. घराचा पत्ता त्यासाठी चालतो, मात्र घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याची लेखी संमती घ्यावी. बँक खाते, करार आणि बिलबुक यांवर एकच पत्ता असावा. पैसे कोणाकडून कधी आले याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

कॉफी शॉपशिवाय दुसरे मार्ग

पुण्यात आणि इतर शहरांत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत. तिथे टेबल, दिवा, नेट मिळते आणि महिन्याची फी कॉफीच्या खर्चापेक्षा सहसा कमी पडते. तिथे फोनवर बोलता येत नाही ही मर्यादा आहे. म्हणून हिशेब, डिझाइन, लिखाण अशा मुक्या कामांसाठी अभ्यासिका आणि बोलण्याच्या कामासाठी कॉफी शॉप, अशी वाटणी करावी. वर्गणी भरून बसता येईल अशी वाचनालयेही चौकशी करून पाहावीत.

याहून मोठी सोय आपल्याच हातात आहे. वस्त्यांतले जमातखाने, अंजुमनच्या इमारती, शाळांचे वर्ग, लग्नाचे हॉल दिवसाचे अनेक तास बंद असतात. त्यातली एखादी खोली विश्वस्तांनी टेबल-खुर्च्या टाकून, माफक फी ठेवून उघडली तर वस्तीतल्या दहा-पंधरा मुलामुलींची कचेरी तिथेच होईल. देखभालीचा खर्च फीमधून निघेल. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळाले. त्या वाद्यांचे, औरंगाबादच्या हिमरूचे, सोलापूरच्या चादरीचे फोटो काढून, माहिती लिहून, दूरच्या ग्राहकाशी बोलून विक्री करणारे हात कारखान्याच्या आवाजात बसून हे करू शकत नाहीत. त्यांना शांत जागा दिली तर जुन्या धंद्यालाही त्याचा फायदा आहे.

हॉटेलवाल्या बंधूंसाठी

आमच्या वाचकांत हॉटेल, बेकरी आणि चहाच्या दुकानाचे मालक पुष्कळ आहेत. आपल्या वस्तीतली मुले पैसे खर्चून दूरच्या कॉफी शॉपमध्ये जातात. तेच गिऱ्हाईक आपल्याकडे का येऊ नये?

हिशेब पाहा. हॉटेलच्या एका बाजूला सहा खुर्च्या राखून ठेवल्या आणि अर्ध्या दिवसाचे, दोन चहा धरून, १५० रुपये घेतले. सहाही खुर्च्या भरल्या तर दिवसाचे ९०० रुपये, २६ दिवसांचे २३,४०० रुपये. निम्म्याच भरल्या तरी ११,७०० रुपये. आणि हे सारे गल्ला थंड असतो त्या वेळात. विजेची भीती अनेकांना वाटते, पण लॅपटॉप साधारण ५० वॉट वीज घेतो. आठ तास चालला तरी अर्धे युनिटसुद्धा होत नाही. युनिटला १५ रुपये धरले तरी ६ रुपयेच होतात. खरा खर्च सुरुवातीचा आहे : माहीतगार, परवानाधारक वायरमनकडून टेबलाजवळ प्लग बसवणे, चांगले ब्रॉडबँड, राउटरसाठी छोटा इन्व्हर्टर आणि पाठ टेकेल अशा खुर्च्या.

नेट देताना दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. गिऱ्हाइकांचे नेट आणि आपल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरचे नेट वेगळे ठेवावे. आणि भिंतीवर पासवर्ड चिकटवण्याऐवजी मोबाइलवर ओटीपी येऊन चालणारी व्यवस्था घ्यावी, म्हणजे कोणी नेट वापरले याची नोंद राहते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहाचे किंवा किराण्याचे दुकानही लायसन्सच्या फीशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊ शकते. आपल्या ब्रॉडबँडवाल्याकडे त्याची चौकशी करावी. दर, वेळा आणि नियम पाटीवर स्पष्ट लिहावेत. टीव्ही बंद ठेवावा. एवढे केले की जागेचे नाव आपोआप पसरते.

शेवटी

मुलगा हॉटेलात बसतो म्हणून नाराज होण्याआधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : तिथे महिन्याला किती खर्च होतो, त्या वेळात किती काम होते आणि घरी त्याला जागा देता आली असती का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुलाने वहीत लिहून दाखवावीत. तिसऱ्याचे उत्तर मात्र घरातल्या मोठ्यांनी द्यायचे आहे. दोन्ही बाजूंनी हिशेब खरा ठेवला तर वाद राहत नाही.

ज्याची जागा त्याला हक्क, ज्याचे काम त्याला अमानत आणि आपल्या कष्टाला हलाल मोबदला, ही व्यापाराची रीत माग, दुकान आणि पेढी यांना जशी लागू आहे तशीच कॉफीच्या टेबलालाही लागू आहे. ती सांभाळून बसणाऱ्याच्या कामात अल्लाह बरकत देवो.